मदत हवी आहे : पडून असलेल्या ई-स्कूटरची आण्णांसाठी तीनचाकी करतोय, चढावर अडलोय

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे. अर्धवट माहिती दिली की पहिले पाच प्रतिसाद प्रश्न विचारण्यातच जातात, म्हणून सगळंच लिहितो.

आमचे आण्णा, वय ७१. पावणेदोन वर्षांपूर्वी डाव्या अंगावरून वारं गेलं. फिजिओथेरपीने बरेच सावरलेत. घरात काठी घेऊन फिरतात, पण शंभर पावलांनंतर डावा पाय ओढायला लागतो. डाव्या हाताची पकड कच्चीच राहिली. आयुष्यभर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी केली, सीझनमध्ये दिवसाला शंभर गाडीवानांशी हुज्जत घातली, आणि आता ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारतात. त्यांना फक्त पारापर्यंत जायचंय. दारापासून ६५० मीटर.

गाव कोल्हापूरच्या पश्चिमेला, त्यामुळे सपाट असं काही नाही. अंगणातून निघालं की लगेच चाळीसेक मीटरचा चढ. लेव्हल ट्यूब लावून मोजला : बारा फुटाला एक फूट. चढ संपला की पुढे सोपं आहे.

व्हीलचेअर आहे, पण ती ढकलायला माणूस लागतो, आणि आण्णांना नेमकं तेच नकोय. निओबोल्ट, म्हणजे व्हीलचेअरला पुढे जोडायचं मोटरचं वाहन, पाहिली. २०२१ मध्ये आली तेव्हाच ५५ हजार होती, माझं बजेट वीस. सरकारी मोटर ट्रायसिकलला अपंगत्वाची टक्केवारी जास्त लागते, आण्णांच्या दाखल्यावर ४५ आहे. मुख्यमंत्री वयोश्रीचे ३ हजार आले होते, त्यात कमोड खुर्ची झाली.

आता गाडीबद्दल. पुतणीची कमी वेगाची स्कूटर, २५० वॅट, ताशी २५ किमीची, बिननोंदणीची. दोन वर्षं गोठ्याशेजारी गोणपाटाखाली होती. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये. लेड-ॲसिडच्या चारही बॅटऱ्या फुगून गेल्यात, पण उसन्या बॅटऱ्या लावल्यावर मोटर आणि कंट्रोलर (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा) ठणठणीत निघाले. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडून मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जोडचाकं बसवून घेतली, सीट खाली घेतली, पाठ टेकायला लोखंडी खुर्चीची पाठ वेल्ड केली. साडेआठ हजार गेले. कंट्रोलरची स्पीड लिमिटची वायर जोडून वेग कमी करून घेतला.

रविवारी चाचणी. आधी मीच बसलो. अंगणात मस्त चालली. चढावर निम्म्यात मोटर नुसती गुणगुणायला लागली आणि गाडी थांबली. थांबली म्हणजे क्षणभरच, मग मागे सरकायला लागली. उजवा ब्रेक दाबला, तर पुढचं चाक जाम होऊन तसंच घसरत खाली. चढावर सगळं वजन मागे, पुढचं चाक हलकं, त्याचा ब्रेक धरणार कशाला? डावा दाबला तेव्हा थांबली, तोवर तुळशीकट्ट्याचा कोपरा उडाला होता. आईने जे बोलायचं ते बोलून झालंय, इथे परत नको.

कट्टा बांधता येईल. पण मागचा ब्रेक डाव्या हाताला आहे, आणि आण्णांचा डावा हात तो दाबूच शकत नाही. माझ्या जागी ते असते तर, हे डोक्यातून जात नाही.

तर विचारायचं ते असं. हीच मोटर ठेवून मोठा कंट्रोलर लावला तर चढ चढेल का, की मोटरच बदलावी? ब्रेकचं काय करावं? बॅटरी लेड-ॲसिडचीच घ्यावी की लिथियम? ‘विकत घ्या’ हा सल्ला कृपया नको.

प्रतिसाद १

मोठा कंट्रोलर लावू नका. जास्त करंट जाईल, गाडी एकदोनदा चढेलही, आणि मग मोटरच्या आतली वाइंडिंग (तांब्याच्या तारांची गुंडाळी) नाहीतर हॉल सेन्सर (मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला सांगणारे) जळतील.

हिशेब बघा. आण्णा आणि गाडी मिळून दीडशे किलो धरू. बारात एक चढ म्हणजे मागे ओढणारा जोर साडेबारा किलो, टायरच्या घर्षणाचे तीन, झाले साडेपंधरा. ताशी ६ किमीने चढायला साधारण २५० वॅट लागतात. म्हणजे ताकद काठावर पुरते आहे. पण तुमची मोटर ती ताकद ताशी २५ ला देण्यासाठी गुंडाळलेली आहे. ६ ला तिच्याकडून चौपट पिळ, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, मागताय. लिमिटची वायर वेग कमी करते, जोर वाढवत नाही. बैल तोच, नुसता कासरा आखडलाय.

ई-सायकलच्या किटमध्ये येणारी २४ व्होल्ट २५० वॅटची गिअरवाली चेन मोटर घ्या आणि मागच्या चाकाला मोठं स्प्रॉकेट (चेनची दातेरी चकती) लावा. चाळीस मीटरला पंचवीस सेकंद लागतील, तेवढा वेळ ती सहज तग धरेल. ती ब्रशवाली असते, तिला कंट्रोलरही ब्रशवालाच लागतो, स्कूटरचा चालणार नाही. फायदा असा की २४ व्होल्टला दोनच बॅटऱ्या लागतात, पंधरा किलो वजन वाचलं. रोजच्या दीड किलोमीटरला लेड-ॲसिड पुरे. फक्त आल्या आल्या चार्जिंगला लावा. उतरलेल्या अवस्थेत ठेवल्यामुळेच आधीच्या गेल्या.

प्रतिसाद २

मी पोलिओवाला, नाशिकला चौदा वर्षं जोडचाकांची स्कूटर चालवतोय. वरच्यांचा मोटरचा हिशेब बरोबर आहे, मी बाकीचं सांगतो.

जोडचाकांना स्वतंत्र स्प्रिंग आहे का? नसेल तर खड्ड्याच्या दोन काठांवर ती दोन चाकं टेकतात आणि मधलं ओढणारं चाक हवेत फिरतं. मागचा ब्रेकही त्याच चाकाला, म्हणजे तोही हवेतच.

दुसरं, वळण. उजवीकडे वळताना अंग डावीकडे फेकलं जातं, आणि आण्णांचा डावा हात तिथे आधार देणार नाही. डाव्या बाजूला उंच हातटेकू आणि कमरेला पट्टा लावाच. वेग ताशी ६ च्या वर जाऊच देऊ नका. तीनचाकी उलटते ती सरळ रस्त्यावर नाही, गल्लीच्या कोपऱ्यावर.

मुठीचा ॲक्सिलरेटर काढून अंगठ्याचा लावा. तोल गेला की माणूस मूठ घट्ट धरतो, धरता धरता ती पिळली जाते, आणि नको तेव्हा गाडी पळते. मी स्वतः एकदा रसवंतीच्या बाकड्यात घुसलोय.

आणि हे आधी करा : वारं गेलेल्या काहींना डाव्या बाजूचं दिसूनही लक्षात येत नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते का बघा. राहत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. आज जेवताना मुद्दाम डावीकडे लोणचं वाढलं. आण्णांनी पहिलं तेच संपवलं, वर विचारलं, आज एवढंसंच का? तरी बुधवारी फिजिओथेरपीला गेल्यावर नीट तपासून घेतो.

चेन मोटर ठरली. जोडचाकांना स्प्रिंग नाहीत, ती उद्याच परत नेतो. फॅब्रिकेटर म्हणतोय, ‘नुसत्या रॉडनं काय बिघडत नाय’, त्याला मधलं चाक उचललेलं दाखवतो.

ब्रेकचा तोडगा आण्णांनीच काढला. त्यांना खाटेवर बसवून ‘आता थांबा’ म्हटलं, तर उजवा पाय जमिनीवर दाबला. त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी वर्षभर भावाची रिक्षा चालवली होती, ती सवय पायात शिल्लक आहे. म्हणून मागच्या ड्रमचा ब्रेक रिक्षासारखा उजव्या पायाखाली घेतोय. चढावर उभं राहायला वेगळा हँडब्रेक, दात्यांचा, ओढला की अडकून राहणारा, उजव्या हाताशी.

आता दोनच गोष्टी अडल्यात. पायाचं पेडल लांब केलं तर केबल किती खेचली जाते याचा अंदाज येत नाहीये. स्कूटरचा लिव्हर पूर्ण दाबल्यावर केबल दोन सेंटिमीटर सरकते, पेडलने तेवढीच सरकायला पिव्होट (पेडल ज्या खिळीवर फिरतं ती जागा) कुठे घेऊ? आणि विकतच्या मोबिलिटी स्कूटरला ॲक्सिलरेटर सोडला की आपोआप लागणारा चुंबकी ब्रेक असतो, तसा या चेन मोटरच्या शाफ्टवर कोणी बसवलाय का? बसवला असेल तर फोटो टाका, फॅब्रिकेटरला शब्दांत सांगून कळत नाही.