मदत हवी आहे: सरांनंतर आमची वन्यजीव संस्था कशी चालवायची?

नमस्कार मंडळी,

धाराशिव जिल्ह्यात बालाघाटच्या माळावर काम करणारी एक छोटी संस्था आहे. विहिरीत खोकड पडलं, काळवीट तारेत अडकलं, घरात नाग निघाला की गावोगावचे लोक तिथं फोन करतात. फोन उचलणारा माणूस एकच, संस्था काढणारे आमचे सर. आता त्यांना रात्री-अपरात्री विहिरीवर जाणं झेपत नाही. त्यांनीच मला बोलावून सांगितलं, "पुढच्या पाच वर्षांचं काहीतरी कागदावर आण." मी सहकारी बँकेतून निवृत्त झालोय आणि संस्थेचा हिशेब बघतो. रानातलं मला फारसं कळत नाही, पण हे काम बंद पडू नये असं मनापासून वाटतं.

पहिली अडचण अशी की संस्थेची खरी पुंजी सरांच्या डोक्यात आहे. कोणत्या ओढ्याच्या काठाला लांडग्यांची गुहा आहे, हिवाळ्यात पिल्लं असताना कोणत्या मेंढपाळाला आधी भेटायचं, शेळी मारली गेल्यावर पंचनाम्याला कोणता वनरक्षक लगेच येतो, यातलं काहीच लिहिलेलं नाही. गुहांच्या जागा तर ते मुद्दाम लिहीत नाहीत. जागा फुटली की कुणी धूर करतं, कुणी तोंड बुजवतं. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत, असला तरी ज्याची मेंढी गेली त्याचा राग त्या वेळी कायदा बघत नाही. मग ही माहिती पुढच्या पोरांकडे सोपवायची तरी कशी?

दुसरी गोष्ट पैशाची, आणि तिथंच विश्वस्तांत दोन मतं आहेत. एकाने जमीन द्यायची तयारी दाखवलीय, तिथं जखमी प्राण्यांसाठी उपचार केंद्र बांधावं असं बहुतेकांना वाटतं. माझा जीव धजत नाही. इमारतीला देणगीदार मिळतो, पण डॉक्टरचा पगार, खाद्य आणि रात्रीची राखण यांना दर महिन्याला पैसा लागतो. शिवाय वनविभागाच्या परवानगीशिवाय वन्यप्राणी ठेवताच येत नाही. आणि बरा झालेला प्राणी सोडायचा कुठं? येडशी रामलिंग अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटर, पलीकडं बीडचं नायगाव मयूर अभयारण्य सुमारे ३०. २०२४ च्या डिसेंबरात यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ येडशीला आला तेव्हा सगळ्यांच्या नजरा तिकडं लागल्या, पण आमची काळविटं, लांडगे, तरस राहतात ते गायरानात, पडीक माळावर, शेताच्या बांधाला. ते गायरान नांगरलं जातंय. जिथं गवतच हवं तिथं गिरिपुष्पाची झाडं लावून त्याला हिरवळ म्हणतात. मला वाटतं पुढची पाच वर्षं कठडा नसलेल्या विहिरी, गायरानं आणि मेंढपाळांची भरपाईची प्रकरणं एवढ्यावरच द्यावीत. सरांचाही कल तिकडंच आहे, पण विश्वस्तांना दुखवायला ते तयार नाहीत.

कुणी अशा संस्थेत काम केलं असेल तर सांगा: आधी माणूस तयार करायचा की आधी निधी उभा करायचा? पगारी कार्यकर्ता ठेवला तर बिनपगारी पोरं दुरावतात का?

प्रतिसाद:
काका, मी लातूरकडं एका संस्थेत आहे. आराखड्याच्या आधी कागद तपासा. वारलेल्या विश्वस्ताचं नाव धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत तसंच असतं, हे सर्रास दिसतं. बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो, उशीर झाला तर विलंबमाफी मागावी लागते. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी हवा असेल तर प्राप्तिकर सवलतीच्या १२ए, ८०जी या नोंदण्या आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी लागते. सीएसआर-१ तर १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे. फोनचं म्हणाल तर संस्थेच्या नावाचं वेगळं सिम घ्या, ते आठवड्यागणिक पोरांकडं फिरू द्या. वनविभागाचा १९२६ क्रमांकही गावोगाव लिहा, म्हणजे सगळा भार तुमच्यावर येणार नाही. गुहांची वही दोघांकडंच ठेवा, त्यातला एक मेंढपाळांतला असावा. माणूस आधी. आम्ही एका पोराला निम्मा पगार, निम्मा त्याच्या शेतीचा वेळ असं ठेवलं, बाकीची पोरं दुरावली नाहीत.

धागाकर्ता:
मेंढपाळांतला माणूस, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. एक तरुण आहे, सरांसोबत लहानपणापासून माळावर फिरलेला. त्याला विचारतो, आणि विश्वस्तांच्या बैठकीत त्याचं नाव मांडतो. आता एवढंच सांगा, निम्म्या पगाराचा ठराव तुम्ही कसा लिहिला होता? त्यात शेतीच्या हंगामाची सुट्टी धरली होती का?