स्तोत्रसंहिता आणि देवाचा विश्वासूपणा : ८९व्या स्तोत्राशी अडखळायला होतं

पहाटवाचन
जय ख्रिस्त. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली रोज पाच स्तोत्रं वाचून महिन्यात दीडशे पूर्ण करायची (१ तारखेला १, ३१, ६१, ९१, १२१, पुढे तसंच) आणि देवाच्या विश्वासूपणाची वचनं वहीत उतरवायची, असा नेम धरलाय. ३६, १००, १३६ सोपी जातात. ८९व्या स्तोत्रात मात्र ३७व्या वचनापर्यंत वही भरत जाते आणि ३८व्यापासून सगळं उलटतं : तू अभिषिक्ताला (दाविदाच्या वंशातल्या राजाला) टाकलंस, त्याचा मुकुट धुळीला मिळवलास. हा भाग कसा घ्यायचा? शिवाय ‘विश्वासूपणा’ हा शब्द फारसा सापडतही नाही.

वचनवेल
आधी शब्दाचं बघू. हिब्रूत जोडी आहे, हेसेद आणि एमुना. हेसेद म्हणजे कराराला जागून केलेली माया. एमुना म्हणजे भार टाकावा असा भक्कमपणा; आपलं ‘आमेन’ याच धातूतलं. मराठी शास्त्रात (बायबलमध्ये) हेसेदला कुठे दया, कुठे वात्सल्य म्हटलंय आणि एमुनाला बऱ्याच ठिकाणी ‘सत्यता’. म्हणून ‘सत्यता’वर बोट ठेवत चला.

८९मध्ये हिब्रूत दोन्ही शब्द सात-सात वेळा येतात. एमुना १, २, ५, ८, २४, ३३ आणि ४९ या वचनांत. पहिले चार स्तुतीतले, पुढचे दोन खुद्द देवाच्या तोंडचे, आणि सातवा प्रश्नातला : ज्या सत्यतेने दाविदाला शपथ वाहिलीस, ती पूर्वीची दया कुठे आहे? गाऱ्हाणं मांडणारा देवाला देवाच्याच शब्दाने धरतोय. विश्वास उरला नसता तर त्याने शपथेची आठवण कशाला दिली असती? ३८पासून पुढचं वगळलंत तर हा सातवा शब्दच हातून जाईल.

३७व्या वचनाच्या शेवटी ‘सेला’ (बहुधा थांबायची खूण) आहे, तिथे खरोखर थांबा. नुकतंच म्हटलंय की दाविदाचं राजासन चंद्रासारखं टिकेल, आकाशात विश्वासू साक्षीदार आहे. मग गप्प. मग ‘पण तू तर’. ही शांतता न घेता सरळ पुढे वाचलं की स्तोत्र दोन तुकड्यांचं वाटतं.

वहीत दोन रकाने करा : डावीकडे देवाने दिलेला शब्द, उजवीकडे समोर दिसणारी स्थिती. ३३ डावीकडे, ३९ आणि ४० उजवीकडे. उजवा रकाना खोडून डावा मोठा करू नका. ३० ते ३२ही डावीकडेच लिहा. मुलांनी नियम मोडले तर छडी मिळेल, हेही दाविदाशी केलेल्या त्याच करारात आहे.

ओवरी
तुमच्या क्रमात एक गैरसोय आहे. २९ तारखेला ८९ आणि ११९ एकत्र येतात, म्हणजे ५२ अधिक १७६ वचनं, आणि ८९ घाईत उरकलं जातं. ११९ त्या दिवशी काढून टाका. त्यात आठ-आठ वचनांचे २२ गट आहेत. १ ते २२ तारखेपर्यंत रोज एक गट घ्या.

२८ला ८८ येतं. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. क्रमाने १४८ शेवटी येतं आणि त्या स्तुतीने ८८ झाकून जातं, म्हणून त्या दिवशी ८८ सगळ्यात शेवटी वाचा आणि दुसऱ्या दिवशीची सुरुवात ८९ने करा. ८८चं ११वं वचन विचारतं, कबरेत तुझं वात्सल्य कोण सांगणार, विनाशस्थानी तुझी सत्यता? त्याच दोन शब्दांनी ८९ उघडतं.

घंटानाद
१३६ घरच्या उपासनेत वाचत असाल तर एकाने वचनाचा पहिला भाग वाचावा, बाकीच्यांनी ‘त्याची दया सनातन आहे’ म्हणावं. असं २६ वेळा होतं आणि दहाव्या-बाराव्या वेळी नुसता ठेका उरतो. ९, १६ आणि २२ या वचनांनंतर दोन-तीन श्वास थांबा : सृष्टी झाली, मिसर (इजिप्त) आणि रान झालं, देश मिळाला. २५वं सावकाश घ्या. समुद्र दुभंगणारा तोच इथे प्रत्येक प्राण्याला अन्न देतो. जेवणाच्या ताटावर म्हणावं असं वचन आहे.

९१ मात्र जपून. ११ आणि १२ ही वचनं मत्तयाच्या शुभवर्तमानात (४:६) सैतान येशूला उडी मारायला सांगताना वापरतो. विश्वासूपणाची परीक्षा घ्यायला वचन काढायचं नसतं.

पहाटवाचन
दोन रकाने आजपासून. एक शंका : जुन्या कॅथलिक प्रार्थनापुस्तकात ८८ उघडलं तर तिथे ‘सत्यता’वालं हेच स्तोत्र निघालं.

वचनवेल
बरोबर आहे. ग्रीक-लॅटिन परंपरेत ९ आणि १० मिळून एकच स्तोत्र धरतात, त्यामुळे पुढची बहुतेक स्तोत्रं एका आकड्याने मागे असतात. १४८पासून दोन्ही मोजण्या पुन्हा जुळतात.