२६ इंची जुन्या माउंटन बाइकसाठी पुढचा फोर्क (चिमटा) हवा आहे: कोणता बसेल?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००८ च्या सुमारास घेतलेली, ॲल्युमिनियम फ्रेमची २६ इंची माउंटन बाइक आहे. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढून कासकडे आणि पुढे बामणोलीच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर मी ती अजूनही नेमाने चालवतो. फ्रेम ठणठणीत आहे, पण पुढचा फोर्क कामातून गेला आहे. स्टॅन्शनवरचा (फोर्कच्या आत-बाहेर सरकणाऱ्या वरच्या नळ्यांवरचा) क्रोमचा मुलामा सीलच्या (नळीभोवतीच्या रबरी कड्याच्या) अगदी वर उडाला असून खड्डे नखाला लागतात, दाबले की सीलमधून तपकिरी ग्रीस बाहेर येते आणि पुढचा ब्रेक धरून सायकल मागेपुढे केली की खालचे पाय खुळखुळतात. एवढी झीज झालेला फोर्क दुरुस्त करण्यात अर्थ नाही, असे माझे मत झाले आहे.

मोजमापे अशी: स्टिअरर ट्यूब (फोर्कची हँडलपर्यंत वर जाणारी नळी) सरळ, २८.६ मिमी जाडीची, थ्रेडलेस (आटे नसलेली). हेड ट्यूब (फ्रेमची पुढची नळी, जिच्यातून स्टिअरर जातो) १२० मिमी उंच आणि आतून ३४ मिमी. फोर्कची चाल (दबण्याचे अंतर) ८० मिमी, चाकाच्या आसापासून क्राउनपर्यंतचे (फोर्कचे दोन्ही पाय वर जुळतात तिथपर्यंतचे) अंतर सुमारे ४५० मिमी. हब १०० मिमी रुंद, ९ मिमी क्विक रिलीजचा (हाताच्या खिट्टीने सुटणारा) आहे. ब्रेक व्ही-ब्रेक (रिमवर रबर दाबणारे) आहेत आणि हबला डिस्क बसवण्याची सोय नाही.

दुकानात बहुधा २७.५ इंची, टेपर्ड (खाली रुंद होत जाणाऱ्या) स्टिअररचे फोर्क दाखवतात. टेपर्ड स्टिअरर ३४ मिमीच्या हेड ट्यूबमध्ये जाणार नाही, हे उघड आहे. शिवाय २७.५ इंची रिमची त्रिज्या १२.५ मिमीने मोठी असल्यामुळे, त्या फोर्कला व्ही-ब्रेकचे खुंट (ज्यांवर ब्रेकचे हात बसतात) असले तरी रबर माझ्या रिमवर टेकणार नाहीत. जुन्या बाजारात योग्य मापाचे फोर्क क्वचित दिसतात, पण त्यांचे स्टिअरर आधीच्या मालकाने कापलेले असतात. मला हेडसेटच्या (हेड ट्यूबमधल्या बेअरिंगच्या) वाट्या आणि स्टेम (हँडल धरणारा भाग) धरून किमान १९० मिमी लांबी लागेल.

सध्या १०० मिमी चालीचा, व्ही-ब्रेकचे खुंट असलेला एक २६ इंची फोर्क मिळतो आहे. पुढची बाजू २० मिमीने उचलली की हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी होणारा कोन) साधारण एक अंशाने सैलावतो. घाट चढताना पुढचे चाक भरकटण्यापेक्षा मला काळजी आहे ती हेड ट्यूबच्या जोडावर वाढणाऱ्या ताणाची. ८० मिमीसाठी आखलेल्या फ्रेमवर कोणी १०० मिमीचा फोर्क बरीच वर्षे वापरला आहे का? की ४४० ते ४५० मिमी उंचीचा, स्टीलचा, बिनसस्पेन्शनचा फोर्क बसवणे अधिक शहाणपणाचे ठरेल? तसा फोर्क व्ही-ब्रेकच्या खुंटांसह पुणे-मुंबईत कुठे मिळतो, हे ठाऊक असल्यास कृपया सांगावे.