अनुभव धागा : शॉवर बिघडला, शेवटी दोष कुठं निघाला?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर इकडच्या सगळ्यांना विनंती, घरातल्या शॉवरचं काय बिघडलं आणि ते नेमकं कशानं नीट झालं ते इथं सविस्तर लिहा. नुसतं "प्लंबर बोलावला, झालं काम" असं नको, दोष कुठं सापडला ते सांगा. मुद्दाम विचारायलोय कारण ओळखीतल्या कितीतरी घरांत लोकांनी शॉवर बदलले, चांगले भारीतले आणून बसवले, आणि पाणी आपलं होतं तसंच. शॉवर म्हणजे शेवटचं टोक ओ, त्याच्या मागं संप म्हणजे जमिनीतली टाकी आहे, मोटर आहे, वरची टाकी आहे, पाईप, सोलर नाहीतर गिझर, मग गरम-गार पाणी मिसळणारा मिक्सर नळ, आणि बहुतेक वेळा खोट तिथंच कुठंतरी असते.

माझ्यापासून सुरू करतो. आम्ही टिळकवाडीत. घरात दोन पाणी, कॉर्पोरेशनचं आणि बोअरचं. राकसकोप आणि हिडकलचं पाणी धरणाचं, ते मऊ, साबणाला लगेच फेस येतो. उन्हाळ्यात नळ लांबला की संपात बोअर सोडावं लागतं आणि तिथून पुढं शॉवरची धार वाकडीतिकडी व्हायला लागते, निम्मी भोकं बंद, उरलेल्यातनं पाणी भिंतीवर. अशा वेळी मी पहिल्यांदा शॉवरचं तोंड फिरवून काढतो आणि नुसत्या दांड्यातनं पाणी सोडून बघतो. दांड्यातनं भरभरून आलं तर तोंड चोंदलंय, तिथंही बारीकच आलं तर मागं बघायचं. एवढ्या एका गोष्टीनं निम्मं निदान होतं.

चोंदलेलं तोंड साफ करायला पांढरा व्हिनेगर. तोंड निघत नसेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर ओतायचा, भोकं पूर्ण बुडतील अशी पिशवी खालून वर चढवायची आणि दांड्याला रबर आवळून दोन-तीन तास सोडायचं. थोड्या वेळात बारीक बुडबुडे सुटायला लागतात, तो क्षार विरघळत असतो. पिशवी उतरवली की तळाला ज्वारीच्या पिठासारखा पांढरा साका बसलेला दिसतो. मग जुन्या टूथब्रशनं घासायचं, रबरी टोकं असतील तर अंगठ्यानं चोळली तरी आतले खडे बाहेर पडतात. संडास धुवायचं ऍसिड मात्र कुणीही वापरू नका, क्रोम पार उडून जातं आणि आतलं पितळ उघडं पडतं. काळ्या किंवा सोनेरी फिनिशचा शॉवर असेल तर व्हिनेगरसुद्धा पाणी घालून, थोडाच वेळ.

आता तुम्ही लिहा.

शहापूर

दादा, धागा छान काढलात. आमचं दुखणं प्रेशरचं. खालच्या मजल्यावर शॉवर झकास आणि वर, जिथं आम्ही राहतो, तिथं डोक्यावर नुसतं थेंब थेंब. दुकानदार म्हणाला मोठा रेन शॉवर घ्या, प्लंबर म्हणाला प्रेशर पंप लावा. माझा भाऊ इंजिनिअर आहे, तो सुट्टीला आला होता, त्यानं आधी टेप घेऊन टाकीतल्या पाण्यापासून शॉवरपर्यंतची उंची मोजली. दीड मीटरसुद्धा भरेना. तो म्हणाला, दहा मीटर उंचीचं पाणी असलं तर एक बार प्रेशर मिळतं, म्हणजे तुमच्या शॉवरला फार तर ०.१५ बार मिळतंय, मोठा रेन शॉवर लावलास तर आहे ते पाणी आणखी पसरट होऊन पडेल. खालच्या मजल्याला आपोआप तीन मीटर जास्त मिळतात म्हणून तिथं चांगलं येतं.

मग बादली लावून बघितलं, दहा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते. एका मिनिटात भरली तर अंघोळीला ते पाणी भरपूर आहे म्हणे, आमची चार मिनिटं झाली तरी भरेना. एवढं कमी पाणी नुसत्या उंचीमुळं नाही हे बघून पाईप तपासला तर टाकीपासून खालपर्यंत सगळा अर्धा इंची, वर सहा-सात एल्बो, म्हणजे काटकोनी वळणाचे जोड. आम्ही टाकीखाली लोखंडी स्टँड करून ती उचलली आणि टाकीपासून बाथरूमच्या भिंतीपर्यंत एक इंची पाईप नवीन टाकला. पंप घ्यावा लागलाच नाही. ज्यांची टाकी उचलता येत नाही, वर पत्रा आहे किंवा सोसायटी परवानगी देत नाही, त्यांना पंपाशिवाय इलाज नाही हेही खरं.

खानापूर

आमच्याकडं पावसाळा कसा असतो ते तुम्हाला माहीतच आहे. जून-जुलैत विहिरीचं पाणी लाल होतं आणि ती माती मोटरीतनं थेट टाकीत. शॉवर बंद केला तरी टपकत राहायचा. आता इथं एक फरक सांगतो, बंद केल्यावर दोन-चार मिनिटं टपकलं तर ते तोंडात साठलेलं पाणी निथळतंय, मोठ्या चकतीच्या शॉवरला तर जास्तच वेळ निथळतं, त्याला काही करायचं नसतं. सकाळी उठून बघितलं आणि तरी थेंब चालूच असला तर कॉक गेला.

जुन्या नळाला वायसर असतो, तो काही रुपयांत येतो, घरी बदलता येतो. आमचा क्वार्टर टर्नचा, म्हणजे पाव फेऱ्यात उघडणारा, त्याच्या स्पिंडलमध्ये सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर फिरतात. त्यात लाल मातीचा एक कण अडकला तरी चरा पडतो आणि मग कितीही आवळा, पाणी थांबत नाही. उलट जोर लावून आवळून दांडीच मोडते. स्पिंडल नवीन घातला आणि टाकीतनं खाली येणाऱ्या पाईपला जाळीचा फिल्टर बसवला. आता पावसाळ्यात आठवड्याला एकदा तो उघडून धुतो, तळहातावर लाल चिखल येतो बघा. तेवढा चिखल आधी शॉवरात जात होता.

निपाणी

आमच्यात जवाहर तलावाचं पाणी, त्याची तक्रार नाही. गोष्ट सोलरची आहे. ऊन कडक, वर टाकीत पाणी हात भाजेल इतकं गरम आणि बाथरूममध्ये गरम कॉक उघडला की फुस्स करून हवा, मग काहीच नाही. सोलरवाल्यांचा माणूस येऊन "कॉइल चोंदली" सांगून गेला. शेजारचे एक काका जुने प्लंबर, त्यांनी गच्चीवर जाऊन नुसता पाईप नजरेखालनं घातला आणि एका जागी बोट ठेवलं. गच्चीच्या कठड्यावरनं नेताना पाईपला वर बाक दिलेला, तिथं हवा अडकून बसायची. गरम पाणी टाकीतनं नुसतं उताराच्या जोरावर येतं, त्याला ती हवा ढकलता येत नाही.

त्यांनी काय केलं, खाली मिक्सरचे गरम आणि गार दोन्ही कॉक पूर्ण उघडले आणि नळाचं तोंड तळहातानं घट्ट दाबून धरलं. गार पाण्याला बाहेर वाट नाही म्हटल्यावर ते गरमच्या लाईनीत उलटं वर चढलं आणि हवेला ढकलत वरच्या व्हेंट पाईपातनं, म्हणजे हवा निघायच्या पाईपातनं, बाहेर काढलं. वर उभ्या मुलाला गुळगुळ आवाज ऐकू आला. हात काढला आणि गरम पाणी सुरू. पण हात काढताना बाजूला उभं राहायचं, सोलरचं पाणी साठ-सत्तर डिग्रीचं असतं, अंगावर आलं तर फोड येतात. नंतर तो बाक काढून पाईप एकसारख्या उतारात केला, तेव्हापासून त्रास नाही.

आणि एक, सोलरच्या गरम लाईनीला साधा पांढरा पीव्हीसी कुणी घालत असेल तर घालू देऊ नका. तो साठ डिग्रीच्या पुढं मऊ पडतो, सांधे सुटतात. गरम पाण्याला सीपीव्हीसीच पाहिजे.

अनगोळ

निपाणीच्या दादांचं वाचून आमचं लिहावंसं वाटलं. आमच्यात शॉवर गरम चालू असताना मधेच गार व्हायचा, आणि गंमत म्हणजे गार नळातनं कधीकधी कोमट पाणी यायचं. गिझर बदलायची तयारी झाली होती. शेवटी सापडलं ते असं, हँड शॉवरला टोकाला बटण आहे, मुलं अंघोळ झाली की बटण दाबून बंद करतात आणि मागं मिक्सरचे दोन्ही कॉक तसेच उघडे. मग गार आणि गरम पाणी मिक्सरातल्या मिक्सरात एकमेकांच्या लाईनीत शिरतं आणि सगळ्या घरातलं गरम पाणी बिघडतं. दोन्ही लाईनीला एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारे व्हॉल्व्ह, बसवले. आणि मुलांना सवय लावली, कॉक बंद करायचे, नुसतं बटण नाही.

चिकोडी

मी जे लिहितोय ते कृपा करून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. आमच्याकडं गॅस गिझर. नळाला चालायचा, शॉवर लावला की विझायचा. त्याचं कारण साधं आहे, गिझरच्या आत एक रबरी पडदा असतो, पाण्याच्या दाबानं तो सरकला तरच गॅस उघडतो. शॉवरचं तोंड चोंदलं की पाणी कमी वाहतं, पडदा सरकत नाही, गॅस बंद. तोंड साफ केल्यावर चालू झाला.

पण तो दुरुस्त करायला आलेल्या माणसानं गिझर बाथरूमच्या आतच बघितला, खिडकीला काच लावून बंद केलेली बघितली, आणि काम करायच्या आधी म्हणाला, हे पहिलं बाहेर काढा. गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, चक्कर येते, आणि माणूस कडी लावलेल्या बाथरूममध्ये पडतो. माझी बायको थंडीत "अंघोळीनंतर डोकं जड होतं" म्हणायची, आम्ही ते सर्दीवर घालत होतो. गिझर त्याच दिवशी मागच्या उघड्या बोळात नेऊन लावला. तिचं डोकं दुखायचं थांबलं. ज्यांच्या घरी गिझर आत आहे त्यांनी उद्यावर टाकू नका.

वडगाव

चिकोडीच्या काकांसारखंच माझंही कळकळीचं सांगणं. शॉवरच्या कॉकला हात लावला की मुंग्या यायच्या, सासूबाई म्हणायच्या थंडीमुळं असेल. थंडी नव्हती, करंट होता. बोअरच्या जड पाण्यानं गिझरच्या एलिमेंटवर क्षाराचा थर बसला होता, थराखाली ते तापून तापून फुटलं, आणि आमच्या प्लगला अर्थिंगच नव्हतं. मुंग्या आल्या तर अंघोळ तिथंच सोडून बाहेर या, अंग कोरडं करून बोर्डावरनं गिझर बंद करा आणि प्लंबर नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा. आम्ही एलिमेंट बदललं, अर्थिंग करून घेतलं, आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपचा आरसीसीबी लावला, करंटची गळती झाली की तो स्वतःच पडतो.

बोअरचं पाणी तपासूनही घेतलं. आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत ठीक धरतात, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आमचं ६०० च्या जवळ. म्हणून आता वर्षातनं एकदा गिझर उघडून साफ करून घेतो, आणि थर्मोस्टॅट पन्नास-पंचावन्नवर, कारण जास्त तापवलं तर क्षार जास्त बसतो.

संकेश्वर

माझं छोटं. शॉवर नाही, खालची मोरी. गावाला जाऊन आलं की बाथरूममध्ये गटाराचा वास. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी वाळलेलं असतं, तेच पाणी खरं म्हणजे वास अडवतं. एक तांब्या ओतला की वास गेला. पाणी तुंबत असेल तर जाळी उचलून केस काढा.

हिंडलगा

आम्ही भाड्यानं राहतो. शॉवर लावला तरी निम्मं पाणी खालच्या नळातनं, म्हणजे पाणी नळाकडनं शॉवरकडं वळवणारा डायव्हर्टर गेलेला. घरमालक म्हणाले अख्खा वॉल मिक्सर बदलावा लागेल, खर्च निम्मा निम्मा. मी ऐकलं नाही. वरची टाकी बंद केली, हँडलवरची टोपी काढली, आतला स्क्रू सोडवून हँडल उपसलं, खालची नट पान्यानं सैल केली आणि कार्ट्रिज हातात आलं, रबराच्या रिंगा चपट्या झालेल्या. तो तुकडाच घेऊन दुकानात गेलो, कारण दिसायला सगळे सारखे आणि आट्यांत नाहीतर लांबीत फरक असतो, नुसतं वर्णन सांगून बरोबर मिळत नाही. अख्ख्या मिक्सरच्या मानानं अगदी किरकोळ पैशात मिळालं.

एक अडचण मात्र तशीच आहे, कुणाला माहीत असेल तर सांगा. शॉवरचा दांडा भिंतीत शिरतो तिथं ओल धरलीय, दांडा हलतोय, पण फिरवायला भीती वाटते, भिंतीत जुना लोखंडी पाईप आहे.

टिळकवाडी

हिंडलग्याचे दादा, भीती रास्त आहे, लोखंडी एल्बोत गंजलेला दांडा आट्यातच तुटतो. आधी वरचं पाणी बंद करा, सांध्यावर गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवा, मग फडकं गुंडाळून पाईप पान्यानं दोन्ही बाजूला थोडं थोडं हलवत सोडवा, एकदम हिसका नको. तुटलाच तर भिंत फोडू देऊ नका. आत राहिलेल्या तुकड्याला हॅक्सॉ ब्लेडनं दोन जागी चिरा पाडून तो आतल्या बाजूला वळवून काढता येतो, फक्त एल्बोच्या आट्यांना ब्लेड लागू द्यायचं नाही, हे काम हात बसलेल्या प्लंबरकडूनच करून घ्या. नवीन दांडा लावताना आट्याचं तोंड आपल्याकडं धरून टेफलॉन टेप घड्याळाच्या काट्यासारखी आठ-दहा फेरे, उलटी गुंडाळली तर आवळताना सुटून येते. आणि फ्लँज, म्हणजे भिंतीवरचं भोक झाकणारी चकती, लगेच चिकटवू नका. एक दिवस पाणी वापरा, सांधा बोटानं चाचपून बघा, कोरडा असला तरच लावा. घरमालकांनाही आधी सांगून ठेवा.