वाळवलेला कांदा थेट दुबईला पाठवायचा आहे, नाशकात कुणाकडे जावं?

निफाडचा_दिनू
नमस्कार मंडळी. निफाडजवळ आमचं कांदा वाळवायचं छोटं युनिट आहे, फ्लेक्स आणि पावडर करतो. आजवर माल मुंबईच्या व्यापाऱ्याला द्यायचो, पुढे तोच बाहेर पाठवायचा. आता दुबईच्या एका व्यापाऱ्याने थेट चौकशी केलीये. इथे मदत नेमकी कोण करतं? महापालिका, एमआयडीसी, का अजून कुणी? एक एजंट 'सगळं करून देतो' म्हणत १५ हजार मागतोय. द्यावेत का?

सातपूरकर
कशाला? आयईसीची (आयात-निर्यात कोडची) सरकारी फी ५०० रुपये आहे. पॅन आणि बँक खातं हाताशी ठेवून डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर स्वतःच काढा. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करावा लागतो, काही बदललं नसलं तरी. नाहीतर बंद पडतो. शेतमालासाठी अपेडाची (शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्रीय संस्थेची) नोंदणीही घ्या.

महापालिकेत चकरा मारू नका. अमेरिकेत पोर्टलंड, लॉस एंजलिस अशा शहरांनी २०१२ च्या सुमारास स्वतःचे निर्यात आराखडे केले. आपल्याकडे हे काम जिल्ह्याचं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा निर्यात प्रोत्साहन समिती असते आणि तिथे पोचायचा रस्ता जिल्हा उद्योग केंद्रातून जातो. प्रशिक्षण आणि खरेदीदारांच्या भेटी कधी आहेत ते तिथे विचारा. निमा, आयमा या नाशिकच्या उद्योजक संघटनांत कारखानदार मंडळी जास्त, पण बाहेर माल पाठवणारे भेटतात. चहा पाजलात तर पोर्टलवर नसलेलंही कळतं.

उर्मिला_जे
दिनूभाऊ, पैशाचं काय ठरलंय? 'माल पोचला की देतो' म्हणत असेल तर थांबा. पहिल्या ऑर्डरला निम्मे तरी आगाऊ घ्या किंवा एलसी (बँकेने पैशांची हमी देणारं पतपत्र) मागा. उधारीवर द्यायचंच असेल तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात विमा बघा. खरेदीदाराची पत तपासूनच ते मर्यादा ठरवतात, म्हणजे त्याची चौकशीही परस्पर होते.

तुमच्या मालावर जीएसटी लागत असेल तर एलयूटी (कर आधी न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) दर आर्थिक वर्षी भरायचं, नाहीतर आयजीएसटी आधी भरून परताव्याची वाट बघत बसावं लागेल. बँकेचा एडी कोड (निर्यातीचे पैसे येणार त्या शाखेचा कोड) न्हावाशेवा बंदरासाठी आइसगेटवर, म्हणजे कस्टमच्या पोर्टलवर नोंदवा. पहिल्यांदा पाठवणारे बरेच जण इथेच अडकतात.

आणि हो, इकडे महापालिका नसली तरी तिकडे आहे! दुबईत आयात होणारा खाण्याचा माल दुबई म्युनिसिपालिटी तपासते. लेबलवर अरबी लागतं आणि लेबलची नोंदणी आयातदाराने करायची असते. डिझाइन छापायला टाकण्याआधी त्याच्याकडून मंजूर करून घ्या.

सातपूरकर
उर्मिलाताईंच्या यादीत एक भर. यूएईबरोबरचा व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. तिथलं आयात शुल्क साधारण ५ टक्के असतं. वाळवलेल्या कांद्याचा एचएस कोड (कस्टमसाठीचा मालाचा वर्गीकरण क्रमांक) ०७१२२० आहे, त्याला किती सवलत आहे ते बघा. सवलत घ्यायची तर मूळ देशाचा दाखला लागतो, अर्ज ऑनलाइन होतो.

जुना_अडत्या
सगळे कागदांवर बोलताय, मालाचं कुणी विचारलंच नाही. कांदा पांढरा का लाल? गुजरातमधल्या महुव्याचे कारखाने पांढरा वापरतात, बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्याला तोच रंग बसलाय. आपल्याकडचा लाल वाळवला की गुलाबी-तपकिरी झाक येते. भावात महुव्याशी झुंजण्यात अर्थ नाही, त्यांचा पसारा फार मोठा आहे. रंग आणि ओलावा यांचं आधी लेखी ठरवा आणि मंजूर नमुन्याचं एक सीलबंद पाकीट स्वतःकडे ठेवा.

एक बरं, डिसेंबर २०२३ ची बंदी ताज्या कांद्यावर होती, वाळवलेल्यावर नाही.

निफाडचा_दिनू
लाल आहे काका, थोडा पांढरा लासलगावहून घेतो. दोन्हींचे नमुने वेगवेगळे पाठवतो आणि सोमवारी उद्योग केंद्रात जातो. एजंटला नाही म्हणून कळवलं. ताई, ईसीजीसीचा विमा लहान ऑर्डरला परवडतो का?

उर्मिला_जे
लहान निर्यातदारांसाठी त्यांच्या वेगळ्या पॉलिसी आहेत. खरेदीदाराचं नाव-पत्ता घेऊन जा, ते हप्ता सांगतील. पण पहिली ऑर्डर पूर्ण आगाऊ मिळत असेल तर विम्याचा खर्च वाचवा.