राजवट बदलताना 'आपण कोण' हे घटनेत लिहावं का?

पायवाट (चर्चेचा धागा सुरू करताना)

जुनी राजवट कोसळली की सत्ता कुणाकडे जाणार हा पहिला प्रश्न असतो. त्याच्या मागोमाग दुसरा येतो: 'आपण' म्हणजे नेमके कोण? या दुसऱ्याचं उत्तर घाईघाईत घटनेत कोरलं की पुढच्या पिढ्या त्यात अडकून पडतात, असं माझं ठाम मत आहे.

बोस्निया बघा. 1995 च्या डेटन करारानं युद्ध थांबलं आणि त्याच कराराचं एक परिशिष्ट देशाची राज्यघटना झालं. राष्ट्राध्यक्षपद तिघांत वाटलेलं: एक बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातला मुस्लिम समाज), एक क्रोएट, एक सर्ब. या तिघांत न बसणाऱ्यांसाठी घटनेत एकच शब्द आहे, 'इतर'. तिथलेच नागरिक देर्वो सेजदिच रोमा या अल्पसंख्य समाजाचे, याकोब फिंची ज्यू. त्यामुळे दोघांनाही या पदासाठी उभंच राहता येत नव्हतं. हा भेदभाव आहे, असा निकाल युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं 2009 मध्ये दिला. जन्मभर ज्या देशात राहिलो, त्याच्या घटनेत 'इतर' म्हणून नोंद असणं काय असतं, याचा विचार करून मला अस्वस्थ व्हायला होतं.

कंदील

पूर्ण असहमत. 'ओळखीचं नंतर बघू' हे वाक्य नेहमी ज्यांची ओळख आधीच राज्याची ओळख झालेली असते तेच म्हणतात. नेपाळात पंचायत राजवटीत, म्हणजे पक्षांवर बंदी आणि सत्ता राजाच्या हाती असण्याच्या काळात, एक राजा, एक देश, एक भाषा, एक वेष अशी घोषणा होती. ती कुणाला तटस्थ वाटत असेल? ज्याची मातृभाषा नेपाळी, त्याला. मैथिली किंवा तामाङ बोलणाऱ्याला नाही.

2008 मध्ये राजेशाही गेली. 601 सदस्यांची संविधान सभा बसली आणि 2012 मध्ये घटना न देताच विसर्जित झाली, कारण प्रांत ओळखीवर आखायचे की नाही यावर एकमत होईना. मग दुसरी सभा निवडून आली, 2015 च्या एप्रिलमध्ये भूकंप झाला आणि सप्टेंबरात घटना आली. प्रांतांना नावं नव्हती, नुसते क्रमांक. प्रश्न टाळला म्हणून मिटला का? मधेशात, म्हणजे भारताला लागून असलेल्या दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यात, आंदोलन पेटलं, चाळीसहून अधिक माणसं गेली. 2023 मध्ये प्रदेश क्रमांक 1 ला 'कोशी' नाव दिलं, तेव्हा किरात, लिंबूवान अशी तिथल्या आदिवासी समाजांच्या ओळखीची नावं हवी असणारे लोक पुन्हा रस्त्यावर आले.

पायवाट

ओळख पुसा, असं मी म्हटलेलंच नाही. भाषेला मान्यता द्या, शाळेत जागा द्या. नेपाळच्याच घटनेत देशात बोलल्या जाणाऱ्या सगळ्या मातृभाषा राष्ट्रभाषा आहेत, ते मला मनापासून पटतं. माझा आक्षेप पद जन्माला बांधण्याला आहे.

कंदील

मग हे ऐका. नेपाळात प्रत्येक वॉर्ड समितीत एक जागा दलित महिलेसाठी राखीव आहे. 2017 च्या स्थानिक निवडणुकांत साडेसहा हजारांहून अधिक दलित स्त्रिया अशा निवडून आल्या. तीही जागा जन्मालाच बांधलेली. ती नसती तर त्यातल्या कितीजणी त्या खुर्चीपर्यंत पोचल्या असत्या?

उत्खनन

दोघांच्याही बोलण्यातून एक गोष्ट निसटतेय. तुम्ही ओळख आधीपासून तयार असते असं धरून चाललाय. संक्रमणाच्या काळात ती घडवलीही जाते. 1990 च्या बोस्नियातल्या निवडणुकीत तिन्ही समाजांचे राष्ट्रवादी पक्ष जिंकले आणि एकमेकांना सहज समजणाऱ्या बोली पुढे वेगवेगळ्या भाषा म्हणून उभ्या राहिल्या. युद्धानंतर काही गावांत 'एका छताखाली दोन शाळा' आल्या: इमारत तीच, पण बोस्नियाक आणि क्रोएट मुलांचा अभ्यासक्रम वेगळा, काही ठिकाणी दारंही वेगळी. मुलांनी हे मागितलं नव्हतं. पुढाऱ्यांना मतदार बांधून ठेवायचे होते.

दक्षिण आफ्रिकेनं निराळी वाट धरली. वर्णभेदी राजवट संपल्यावर, 1994 च्या हंगामी व्यवस्थेत संसदेच्या 400 पैकी किमान 20 जागा जिंकणाऱ्या पक्षाला मंत्रिमंडळात वाटा होता. म्हणजे वाटा वंशाला नव्हता, मतांना होता, आणि तोही ठरावीक मुदतीपुरता. भाषेचं तर बघाच. आफ्रिकान्स या गोऱ्या राज्यकर्त्यांच्या भाषेच्या सक्तीविरुद्ध 1976 मध्ये सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली शाळकरी मुलं गोळ्यांना सामोरी गेली, तरी 1996 च्या घटनेत अकरा अधिकृत भाषांमध्ये आफ्रिकान्सही राहिली. एवढं मोठं मन फार थोड्या समाजांना दाखवता आलंय.

कंदील

तिथं बहुसंख्य समाजच दडपलेला होता हे विसरू नका. मतपेटी उघडली की सत्ता त्यांच्याकडे येणारच होती, म्हणून त्यांना हे औदार्य परवडलं. जो समाज आकड्यानं लहान आहे, त्याला मतांच्या वाट्यात काय मिळणार? आणि मुदत संपली की त्याला कोण विचारणार?

पायवाट

आकड्यांचा मुद्दा मान्य. वॉर्ड समितीचं उदाहरणही मला खोडता येत नाही, उलट त्यानं माझी मांडणी दुरुस्त होतेय. तिथं एका जागेचं दार उघडलं, पण वॉर्डाध्यक्षपद सगळ्यांना खुलं राहिलं. बोस्नियात सर्वोच्च पदच तिघांत वाटून चौथ्याला दार बंद केलं. माझं भांडण या दुसऱ्या प्रकाराशी आहे, आणि धाग्यात मी ते नीट वेगळं काढलं नव्हतं.

मुदतीबाबत मात्र मी ठाम आहे. कंदील, तुमच्या मते लहान समाजाची राखीव जागा कायमची असावी का? की दर जनगणनेनंतर पुन्हा चर्चेला यावी? तुमचं उत्तर वाचायचंय.