बदल 'हम्बग'पासूनच

आर्क्टिक मंकीज या ब्रिटिश रॉक बँडचा सूर २०१३ च्या 'एएम' या अल्बमपासून बदलला, असे म्हटले जाते. माझ्या मते ते वळण २००९ च्या 'हम्बग' या अल्बममध्येच आले होते. २००६ साली त्यांच्या पहिल्या अल्बमच्या साडेतीन लाखांहून अधिक प्रती ब्रिटनमध्ये एका आठवड्यात खपल्या, तेव्हा शेफिल्डची ही मुले जेमतेम विशीची होती आणि त्यांचा गायक ॲलेक्स टर्नर गावच्याच बोलीत, धावत्या गिटारींवर, तिथल्या रात्रींच्या गोष्टी सांगत होता. पुढे 'हम्बग'साठी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात अमेरिकी रॉक संगीतकार जॉश हॉमीबरोबर काम करताना लय संथावली, गिटारींचा नाद जड झाला आणि टर्नरचा आवाजही (मला तो तिथेच खरा सापडला असे वाटते) खोल गेला. 'एएम'मधील ठसठशीत ठेका त्यानंतरचा आहे.